जोखीम कुणाच्या नावावर

गंगापूर रोडवर अशोकस्तंभाकडून जेहान सर्कलच्या दिशेने चालत गेलं, तर वरच्या मजल्यांवर अधूनमधून अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. संध्याकाळी तिथली मुलंमुली चहाला खाली उतरतात. बहुतेक दिंडोरी, निफाड, कळवण, सटाण्याकडची. घरी द्राक्षं, कांदा, टोमॅटो. घरच्यांनी एवढंच सांगून पाठवलेलं असतं की या मातीत पडू नकोस, कुठेतरी चिकट. कुणी तलाठ्याच्या परीक्षेला बसलेलं, कुणी पीएसआयच्या, कुणी राज्यसेवेच्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पगार जमा व्हावा, एवढ्यासाठी ही मुलं आपली पंचविशी त्या खुर्च्यांवर काढतात.

हाच रस्ता आनंदवल्ली, सोमेश्वर ओलांडून गोवर्धनकडे जातो. तिथे गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ सुला वाइनचे मळे आहेत. ते उभे करणारे राजीव सामंत अमेरिकेत शिकलेले इंजिनिअर. ओरॅकलमधली नोकरी सोडून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते परत आले. आंबा करून पाहिला, खाण्याची द्राक्षं करून पाहिली, मग वाइनच्या द्राक्षांकडे वळले आणि २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. रविवारी हा रस्ता तिकडे जाणाऱ्या गाड्यांनी भरून जातो.

सुरक्षितता हवी की धाडस, असा प्रश्न कुणी विचारला की हीच दोन चित्रं डोळ्यांपुढे उभी राहतात. मी या रस्त्यावर, आनंदवल्लीच्या अलीकडे राहते. शाळेत नोकरी केली, आता निवृत्तिवेतन घेते. एक माणूस नोकरीच्या बाजूचा आणि दुसरा धाडसाच्या बाजूचा, अशी वाटणी मला मान्य नाही. आमच्याकडे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत, हा निर्णय एकट्या माणसाचा कधी नव्हताच. एक भाऊ नोकरीला, एक भाऊ शेतीला. हिशेब मात्र एकाच घराचा.

ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझे वडील, अण्णा, तिथे लागले. त्यांचे धाकटे भाऊ नाना दिंडोरी तालुक्यातली जमीन पाहायचे. बाजरी आणि हरभरा सोडून नानांनी द्राक्षाची बाग लावायची ठरवली, तेव्हा लोखंडी अँगल, तारा, रोपं, विहिरीवरची मोटर असा सगळा खर्च समोर होता. द्राक्षाचं पहिलं उत्पन्न हातात यायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर घर खातच असतं. सोसायटीचं कर्ज होतं, पण ते पुरणारं नव्हतं. उरलेलं अण्णांच्या पगारातून गेलं.

आईची एक वही होती. किराण्याच्या हिशेबातच मधूनमधून ओळ यायची : नाना, फवारणी. नाना, मोटर वायंडिंग. नाना, मजुरी. समोर आकडा. त्या आकड्यांखाली तिने बेरीज कधी केली नाही. ते उसने दिलेले पैसे नव्हते आणि दानही नव्हतं. त्या महिन्यात आमच्या घरात काय आलं नाही, ते मात्र मला आठवतं. सायकल आली नाही. आईच्या दातांचं काम पुढे ढकललं गेलं. दिवाळीचे कपडे एकाच ताग्यातून शिवले गेले. नानांच्या बागेत उभी असलेली जोखीम आमच्या ओझरच्या क्वार्टरमध्ये या रूपात राहायला यायची.

लोक म्हणायचे, नाना धाडसी आणि अण्णा सरळ नोकरीवाले. मला हे शब्द अपुरे वाटतात. बाग पावसात गेली त्या वर्षी नानांना रात्री झोप लागायची, कारण मोठ्या भावाचा पगार येणार हे ठाऊक होतं. पुन्हा छाटणी घ्यायची हिंमत त्या पगारातून यायची. सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाणारा माणूससुद्धा त्या बागेत अर्धा उतरलेला होता, फक्त त्याच्या हाताला चिकाचे डाग नव्हते.

मग एक वर्ष बाग लागली. माल चांगला होता, भावही मिळाला. नाना पैसे घेऊन ओझरला आले आणि अण्णांना म्हणाले, ‘तुम्ही रिटायर झाल्यावर कुठे राहणार? गंगापूर रोडला प्लॉट पडलेत, बघून येऊ.’ तेव्हा या भागात शेतंच जास्त होती. आज मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे, ते त्या प्लॉटवर बांधलं. म्हणजे पगाराने बाग जगवली आणि बागेने पगारदाराला म्हातारपणीचं छप्पर दिलं. यातलं सुरक्षित कोण होतं आणि धोक्यात कोण, हे मला आजही दोन रकान्यांत मांडता येत नाही.

नाशिकमध्ये या विषयावर बोलताना दादासाहेब फाळक्यांना वगळता येत नाही. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी सोडली. पुढे छापखाना उभा केला, भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. चाळिशी गाठलेला, बायकामुलांचा माणूस. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का नसावेत, या विचाराने त्यांना घेरलं. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले.

या विम्यापाशी मी दर वेळी थांबते. विमा म्हणजे आपण नसताना बायकामुलांना मिळायची रक्कम. फाळक्यांनी पणाला लावली ती कागदोपत्री त्यांची पॉलिसी होती, पण तिच्यामागचा पैसा पत्नी सरस्वतीबाईंच्या आणि मुलांच्या उद्याचा होता. विम्यावर भागलं नाही तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. चित्रपटाचा इतिहास लिहिताना हे दागिने एका वाक्यात येतात आणि पुढच्या वाक्यात कॅमेरा सुरू होतो.

सरस्वतीबाईंनी दागिने देऊन हात झटकले नाहीत. लंडनहून आणलेल्या कच्च्या फिल्मला छिद्रं नसायची, ती यंत्रावर पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्या शिकल्या. फिल्म धुण्याचं काम त्या शिकल्या. कलाकार-कामगारांचा सगळा ताफा घरीच जेवायचा, त्याचा स्वयंपाक त्यांनी केला. भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण रोज केलं आणि काही क्षणांत रोप उगवताना दाखवलं. त्या बिऱ्हाडात कुंडीही होती, चूलही होती आणि पोरंही होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं काम नाशिकला आणलं.

पुढचा भाग आपण थोडक्यात उरकतो, पण तोही या विषयाचाच आहे. ‘लंकादहन’ला पैसा मिळाला. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांशी मतभेद झाले, फाळके बाहेर पडले, काशीला गेले, परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकमध्येच वारले, तेव्हा परिस्थिती ओढगस्तीची होती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला. त्यांच्या जोखमीचं पीक सगळ्या देशाने खाल्लं आणि घराच्या वाट्याला फार थोडं आलं. तरीही मी असं म्हणणार नाही की त्यांनी पुरातत्त्व खात्यातच राहायला हवं होतं. सरस्वतीबाईंनी ते सगळं ओझं समजून-उमजून उचललं होतं, त्या त्या कामाच्या जोडीदार होत्या. माझा आक्षेप आपल्या सांगण्याच्या पद्धतीवर आहे. उडी मारणाऱ्याचं नाव आपण लक्षात ठेवतो आणि जिच्या दागिन्यांवर पाय ठेवून उडी मारली गेली, तिला ‘खंबीर साथ’ एवढ्या दोन शब्दांत बसवतो.

सामंतांच्या गोष्टीतही पायाखाली काय होतं ते पाहायला हवं. कुटुंबाची जमीन होती. ब्रँडला नावही त्यांनी आईचं, सुलभाताईंचं, दिलं. याने त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. पण त्यांचं यश पाहून आणि राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर जिल्ह्यात अनेकांनी वायनरी काढल्या. विंचूरला वाइन पार्क झालं. बऱ्याच जणांच्या पायाखाली फक्त बँकेचं कर्ज होतं. २००८ मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा उठाव थंडावला. टाक्यांत माल पडून राहिला. वाइनची द्राक्षं लावलेल्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि कित्येकांनी वेली उपटल्या. धाडस सामंतांचं आणि या सगळ्यांचं तेवढंच होतं. पडल्यावर झेलायला खाली काय आहे, यावर सगळं ठरलं.

मघाच्या अभ्यासिकेतल्या मुलांना आपण सुरक्षित वाट धरलेली मुलं समजतो. मला ती या रस्त्यावरची सगळ्यात मोठी जोखीम घेणारी माणसं वाटतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त आले होते. खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी, आणि परत न मिळणारी चार-पाच वर्षं. हा पैसा घरून येतो, बागेतून येतो. म्हणजे बेभरवशाच्या पिकातून आलेला पैसा त्याहून बेभरवशाच्या परीक्षेवर लावायचा, आणि त्याला स्थिरतेचा मार्ग म्हणायचं. आईबापांचा मी दोष काढत नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आज कुणी तयार होत नाही, हे त्यांनी लग्नाच्या बोलण्यांत भोगलेलं आहे. बागायती जमीन, बंगला, ट्रॅक्टर सगळं असून ‘मुलगा करतो काय?’ या प्रश्नाला ‘शेती’ हे उत्तर चालत नाही. मग ते मुलाला गंगापूर रोडला पाठवतात.

आणि जी स्थिरता मिळवायची तीसुद्धा पूर्वीची राहिलेली नाही. आमच्या शिक्षकखोलीत मी आणि माझ्यानंतर लागलेल्या बाई एकाच टेबलावर वह्या तपासायचो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे आमचं काम सारखं असलं तरी म्हातारपण सारखं असणार नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा ज्यांना लोक सुखातले जीव म्हणतात त्या माणसांच्या डोळ्यांत मी काळजी पाहिली. ठेवींचंही तसंच. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. थोड्या जास्त व्याजासाठी निवृत्तीची रक्कम पतसंस्थेत ठेवून नंतर खेटे घालणारी माणसं या भागात शोधावी लागत नाहीत. आपण सुरक्षित आहोत असं समजून, न विचारता घेतलेली जोखीम मला जास्त भीतिदायक वाटते.

जोखीम समजून घेणं म्हणजे काय, ते मला नानांनी शिकवलं. द्राक्षात छाटणीची तारीख हा मोठा निर्णय असतो. उन्हाळ्यात खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणी लवकर घेतली तर माल डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि भाव चढा मिळतो, पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात सापडतो, डाऊनी येतो, घड गळतात. उशिरा घेतली तर पावसातून सुटका होते, पण सगळ्या गावाचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. नाना सगळी बाग एका दिवशी कधी छाटायचे नाहीत. विहिरीजवळचा तुकडा आधी, मधला दहा-बारा दिवसांनी, ओढ्याकडचा सगळ्यात शेवटी. ‘एक तुकडा गेला तर दोन उरतात’, इतकंच ते म्हणायचे. पहिल्या तुकड्यावर धाडस करायचे आणि शेवटच्या तुकड्यावर घर चालवायचे. त्यांना सट्टेबाज म्हणणाऱ्यांनी त्यांची डायरी पाहिलेली नव्हती.

तरी सगळंच हातात नसतं. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात माल नाकारला गेला. वेलीची वाढ रोखायला वापरतात ते हे औषध, शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. तोवर बाग नानांच्या मुलाकडे, माझ्या भावाकडे आली होती. त्या वर्षी आईच्या वहीतलं काम माझ्याकडे आलं. माहेरच्या बागेला पगारातून पैसे देण्याआधी मी घरात स्पष्ट बोलले, नवऱ्याला आकडा सांगितला. आईच्या काळात जे न बोलता व्हायचं, ते मी बोलून केलं. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत निफाडकडच्या बागा झोडपल्या गेल्या, तेव्हा आमची वाचली. दोन्ही वेळी माणसं तीच होती आणि कष्टही तेवढेच.

आता या भावाची मुलगी, माझी भाची, पुण्याची नोकरी सोडून गावाकडे यायचं म्हणते. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार चांगला आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे. तिला बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायचं आहे, म्हणजे पाऊस आणि गारा दोन्हींपासून माल वाचेल आणि छाटणी लवकर घेता येईल. व्यापाऱ्याकडे न जाता पुण्यातल्या सोसायट्यांना थेट विक्री करायची आहे. योजना नीट आहे. तिने आकडे मांडलेत. वहिनींचा मात्र ठाम विरोध. ‘ताई, मी लग्न झाल्यापासून आभाळाकडे बघत जगले,’ त्या मला म्हणाल्या. ‘हिला आभाळ बघायला लागू नये म्हणून शिकवली. आणि ही परत तिथेच येते.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. वहिनींची भीती अनुभवाची आहे आणि भाचीची उमेदही खरी आहे. माझ्या घरी दोघी आल्या तेव्हा मी भाचीला एवढंच विचारलं, ‘हे फसलं तर कुणाचं काय जाईल, ते नावानिशी लिहून दाखव.’ तिने मोबाइलवर लिहायला घेतलं, मी तिला कागद दिला. स्वतःच्या नावापुढे तिने साठवलेले पैसे लिहिले. जावईबापूंच्या नावापुढे दोन वर्षांचा फ्लॅटचा हप्ता. वडिलांच्या नावापुढे एक हंगाम. माझ्या नावापुढे काही लिहिलं नव्हतं. पेन्शनमधून दर महिन्याला किती देता येईल तो आकडा मी सांगितला आणि तो बुडाला तरी मी विचारणार नाही, हेही सांगितलं. आईच्या नावापुढे तिने काहीच न लिहिता कागद पुढे सरकवला.

वहिनींनी तो वाचला. खाली बेरजेत जुळत नसलेली रक्कम त्यांनी बरोबर ओळखली. ‘माझ्या पाटल्या धरल्यात ना यात?’

भाची गप्प राहिली. ती म्हणू शकली असती, ‘आई, परत करून देईन.’ सगळेच म्हणतात. ती म्हणाली नाही, हे मला आवडलं.

‘त्या धरायच्या नाहीत,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुझ्या बाबांसाठी दोनदा दिल्या. दोनदा सोडवून आणल्या. आता नाही.’

मी मधे पडले नाही. आमच्या घरात पाटल्यांना ‘नाही’ म्हणायची ही पहिलीच वेळ होती आणि तो अधिकार वहिनींचा होता. भाचीने ती रक्कम कागदावरून खोडली आणि नव्याने बेरीज केली. तीन एकरांच्या आच्छादनाचा खर्च त्यात बसत नव्हता. एका एकराचा बसत होता. नोकरी लगेच सोडायची नाही, पहिला हंगाम शनिवार-रविवार ये-जा करायची, विहिरीजवळच्या तुकड्यावरच आच्छादन घालायचं आणि बाकीच्या दोन तुकड्यांची छाटणी भाऊ नेहमीसारखी उशिरा घेईल, असं ठरलं. थेट विक्री पहिल्या वर्षी त्या एका एकराच्या मालापुरती. वहिनींनी विचारलं, शनिवारी आल्यावर पोरांना कोण सांभाळणार. तेही कागदावर लिहिलं गेलं, आणि त्यापुढे वहिनींनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने आच्छादनवाल्याला फोन करून एका एकराचं कोटेशन मागवलं.